म्हापशाहून एका वाचकाने लिहिलंय: जानेवारीत गाडीवर पिठासारखी पिवळट धूळ बसली आणि दुपारपर्यंत आकाश पांढुरकं होतं. गोव्यात वाळवंट नाही, मग ही आली कुठून आणि काय करावं?

आधी खात्री करून घ्या. ओल्या पांढऱ्या कापडाने बॉनेट एका जागी हलकेच टिपा. डाग तांबडा आला तर ती आपल्याच चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीची किंवा खनिजाच्या ट्रकांची धूळ. डिचोलीकडच्यांना ती नवी नाही. काळा आला आणि तुम्ही वास्कोत असाल, तर बंदरावरच्या कोळशाचा संशय घ्या. फिकट, मातकट पिवळा आणि बोटांत चोळताना मऊ लागला, तर ती बहुतेक वायव्येकडून आलेली. तुम्ही लिहिलंय की दुपारपर्यंत आकाश पांढुरकंच होतं. धुकं असतं तर ऊन चढल्यावर विरलं असतं.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं कमी दाबाचं क्षेत्र, पाकिस्तान आणि उत्तर भारतावरून सरकतं. त्याच्या पाठोपाठ थंड, जड हवा घुसते आणि बलुचिस्तान, सिंध, थरच्या सपाटीवर जोराचा वारा सुटतो. जमीन कोरडी असली की झालंच. गंमत अशी की अगदी बारीक माती जमिनीला चिकटून असते, ती वाऱ्याला सहज सुटत नाही. आधी वाळूचे जाड कण उड्या मारत पुढे जातात आणि त्यांच्या आपटण्याने ती उधळते. वाळू जवळच पडते. बारीक धूळ मात्र वर चढते. 10 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा) कण स्थिर हवेत तासाला जेमतेम 30 मीटर खाली येतो, म्हणजे किलोमीटरभर वर गेलेली धूळ दिवसभर तरी तरंगणारच. कराची ते गोवा सरळ रेषेत साधारण सव्वा हजार किलोमीटर. ताशी 40 किलोमीटरचा वायव्य वारा टिकला तर दीड दिवसाच्या आत इथे. जानेवारी 2022 मध्ये मुंबई अशाच धुळीने धूसर झाली होती.

गाडी कोरड्या फडक्याने अजिबात पुसू नका. या धुळीत क्वार्ट्झ (गारगोटीतलं खनिज) असतं आणि ते रंगाहून कठीण, त्यामुळे बारीक चरे पडतात. आधी वरून खाली भरपूर पाणी सोडा, मग साबणाचा हात. वायपरही काच भिजवल्याशिवाय चालवू नका. छतावरची सौर पॅनेल सकाळी थंड असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती.

घरात झाडू नको, ओलं पोतेरं फिरवा. दमा असलेल्यांनी बाहेर पडताना एन-95 मास्क घट्ट बसवावा, साध्या रुमालाने बारीक कण अडत नाहीत. इन्हेलर खिशात असू द्या. आकाश निवळलं की एसीची जाळी काढून धुवा, नाहीतर तीच धूळ खोलीत फिरत राहते.