यजमान देश आणि प्रार्थनेचे स्वातंत्र्य

प्रश्न : ऑलिम्पिक क्रीडाग्रामात ख्रिस्ती खेळाडूंसाठी प्रार्थनेची सोय असते. मग २०२२ च्या बीजिंग हिवाळी स्पर्धेच्या वेळी चीनमधील धर्मस्वातंत्र्यावर टीका का झाली?

उत्तर : क्रीडाग्रामातील सोय पाहुण्यांसाठी असते, तिच्यावरून यजमान देशातील नागरिकांची स्थिती कळत नाही. चीनच्या राज्यघटनेचे ३६ वे कलम श्रद्धेचे स्वातंत्र्य मान्य करते, परंतु संरक्षण देते ते ‘सामान्य’ धार्मिक कार्यांनाच, आणि सामान्य काय हे सरकारच ठरवते. प्रोटेस्टंट मंडळ्यांनी (चर्चनी) ‘थ्री-सेल्फ’ या सरकारमान्य चळवळीच्या छत्राखाली यावे अशी अपेक्षा असते. जे नकार देतात, त्यांच्या घरगुती उपासनासभांवर केव्हाही गदा येऊ शकते. चेंगदूच्या ‘अर्ली रेन’ मंडळीवर डिसेंबर २०१८ मध्ये छापे पडले आणि वर्षभराने तिचे पाळक वांग यी यांना राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली ९ वर्षांची शिक्षा झाली. स्पर्धा सुरू होती तेव्हा ते तुरुंगातच होते.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी स्पर्धेवर राजनैतिक बहिष्कार घातला, म्हणजे सरकारी प्रतिनिधी पाठवले नाहीत; तो मुख्यतः चीनच्या शिनजियांग प्रदेशातील उइघुर मुस्लिमांवरील अत्याचारांमुळे. ती दखल योग्यच होती. ख्रिस्ती मंडळ्यांचा प्रश्न मात्र मागेच राहिला, याची खंत वाटते.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती राजकीय तटस्थतेचा आधार घेते, आणि ऑलिम्पिक सनदेचा नियम ५० स्पर्धास्थळी धार्मिक वा राजकीय प्रचारास मनाई करतो. हा नियम खेळाडूंना बांधतो, यजमान सरकारला नव्हे. यजमान शहराच्या करारात मानवाधिकारांची स्पष्ट अट आली ती २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपासून, आणि तीही स्पर्धेच्या आयोजनाशी संबंधित कामांपुरतीच आहे.