मुलाला जळगावात सॉफ्टवेअरचा धंदा काढायचाय, शेतावर कर्ज काढू का?

चोपडा तालुक्यातल्या एका केळी उत्पादक पालकांचं पत्र आहे. त्यांचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअर असून तीन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे. पॅकेज साडेसहा लाखांचं. आता तो म्हणतो, नोकरी सोडून जळगावला येतो आणि केळी व्यापारी, जिनिंग, कृषी केंद्रं यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवून विकतो. त्यासाठी पाच एकर बागायतीवर दहा लाखांचं कर्ज काढून द्या, असा त्याचा आग्रह आहे. घरात त्याच्या लग्नाचंही बघणं चाललंय. ‘हो म्हणू की नको?’ असं पालकांनी विचारलंय.

सप्रेम नमस्कार,

मुलाला नाही म्हणू नका, कर्जाला मात्र नाही म्हणा. हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. या धंद्याला सुरुवातीला दहा लाख लागतच नाहीत, आणि हातात असले तर ते नको तिथे जातात.

हिशेब कागदावर मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, मुलाने त्यात स्वतःचे घालावेत. जळगावात छोटा गाळा घेतला तर भाडं महिना ८,००० धरा. लाइट आणि इंटरनेट ३,०००. फोन घ्यायला आणि गावोगाव जाऊन सॉफ्टवेअर बसवून द्यायला एक मुलगा ठेवला तर १४,०००. सर्व्हर, एसएमएस आणि बॅकअप मिळून ३,०००. सीए आणि पेट्रोल ५,०००. तुमच्या चिरंजीवांचा स्वतःचा खर्च २०,०००. एकूण महिना ५३,०००, वर्षाला ६,३६,०००. आता येणं बघा. एका पेढीला सॉफ्टवेअर ३०,००० ला दिलं, आणि पुढच्या वर्षापासून देखभालीचे, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, त्याचे २० टक्क्यांनी ६,००० घेतले. वर्षाला बारा नवे ग्राहक मिळाले, एकही जुना तुटला नाही, असं धरू. पहिल्या वर्षी ३,६०,००० येतात आणि तूट पडते २,७६,०००. दुसऱ्या वर्षी २,०४,०००, तिसऱ्या वर्षी १,३२,०००, चौथ्या वर्षी ६०,०००. पाचव्या वर्षी कुठे १२,००० उरतात. तोवर ६,७२,००० बुडालेले असतात. वर कर्जाचं व्याज वेगळंच.

याच हिशेबातून पहिल्या वर्षी गाळा आणि नोकर हे दोनच खर्च काढा. खर्च ३,७२,००० वर येतो आणि तूट फक्त १२,००० राहते. बाराच्या जागी सहाच ग्राहक मिळाले, तरी १,९२,००० कमी पडतील. म्हणजे मुलाच्या स्वतःच्या बचतीतले तीन लाख हाताशी असले की पहिलं वर्ष निघतं. साडेसहा लाखांच्या नोकरीत तेवढी बचत अजून झाली नसेल, तर आणखी एक वर्ष थांबावं. तेवढ्याने काही बिघडत नाही.

एएमसीचा भाग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल. नवीन विक्री म्हणजे लागवड. रोपं, मशागत, ठिबक, सगळा खर्च तिथेच. एएमसी म्हणजे पिलबाग, जुन्या कंदाच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक: कंद तोच, लागवडीचा खर्च वाचलेला, फक्त राखण हवी. छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांची दरवर्षी होणारी चूक अशी, की नवीन लागवडीच्या मागे लागून ते पिलबाग फुकट राखत बसतात. ओळखीचा माणूस आहे, दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून पैसे मागत नाहीत. दोन वर्षांनी पंचवीस ग्राहकांचे फुकट फोन दिवस खातात आणि नवीन काम करायला वेळच उरत नाही. एएमसीचा करार पहिल्याच दिवशी, विक्रीच्या कागदावरच व्हायला हवा. त्यात काय येतं (चुका दुरुस्त करणं, फोनवर मदत, सरकारी नियम बदलला तर तो बदल) आणि काय येत नाही (नवीन रिपोर्ट, नवीन कॉम्प्युटरवर बसवणं, ऑपरेटर बदलला म्हणून पुन्हा शिकवणं) हे लिहून ठेवावं. नोकर ठेवण्याचा नियमही यातूनच निघतो. पूर्णवेळ मुलाचा वर्षाचा पगार १,६८,०००, म्हणजे २८ ग्राहकांची एएमसी. चौदा एएमसी भरल्या जायला लागल्या की अर्धवेळ मुलगा ठेवावा, त्याआधी नाही.

बनवायचं काय, हा खरा अवघड प्रश्न. हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवू नये. व्यापाऱ्याचा सीए टॅलीत काम करतो, तो दुसरं काही हातात धरणार नाही. टॅलीत जे सोयीने बसत नाही ते बनवावं, आणि तयार नोंदी एक्सएमएल फाइलने टॅलीत जातील अशी सोय द्यावी. केळी व्यापाऱ्याची कच्ची वही उघडून बघा: काटा पावतीवरचं भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, घडाच्या दांड्याच्या वजनाची घट, त्या दिवसाचा भाव, हमाली, शेतकऱ्याने आधी घेतलेली उचल, आणि राहिलेले देणे. एवढं एका पानावर असतं. समजा सॉफ्टवेअर बसलं आणि महिन्याने पेढीवरून फोन आला, ‘भाऊ, फक्त एक रकाना वाढवून द्या, या शेतकऱ्याची घट वेगळ्या टक्क्याने धरायचीय.’ पडद्यावर रकाना काढायला पाच मिनिटं लागतात. पण त्या टक्क्याने निव्वळ वजन बदलतं. मग बिलाचा छापील नमुना, शेतकऱ्याचा खाते-उतारा, गाडीचा गोषवारा आणि टॅलीत जाणारी फाइल, सगळं बदलतं. जुन्या नोंदींना कोणता टक्का लावायचा हेही ठरवावं लागतं. काम दोन दिवसांचं होतं. ते लिहून घेतलं नाही, त्याचा दर सांगितला नाही, तर दोन दिवस फुकट. अशा प्रत्येक बदलाची तारीख, दर आणि मुदत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘ठीक आहे’ असं उत्तर येईपर्यंत हात लावू नये.

तांत्रिक चुकांपैकी तीन धंदा बुडवतात, म्हणून मुलासाठी लिहितो. पहिली कराच्या दराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, ठिबकचं साहित्य १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. ज्यांनी दर प्रोग्राममध्येच लिहून टाकला होता किंवा मालासमोर एकच दर ठेवला होता, त्यांनी नवा आकडा भरला की जुनी बिलंही नव्या दराने छापली जातात. दर तारखेसकट ठेवायचा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक दर. मग जुन्या बिलावर माल परत आला तरी क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणारा कागद) जुन्याच दराने निघते. दुसरी बिल नंबरची. रावेर-यावलकडच्या गावात इंटरनेट मध्येच जातं, तेव्हा सॉफ्टवेअर नेटशिवाय चाललंच पाहिजे. पण दोन कॉम्प्युटर नेटशिवाय बिलं फाडायला लागले की दोघांचा नंबर एकच येतो. प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका द्यावी. जीएसटीच्या नियमात बिल नंबर जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच येणारा हवा, ते धरूनच मालिका पाडाव्यात. तिसरी बॅकअपची. बॅकअप रोज होत असतो, पण त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये. हार्ड डिस्क गेली की दोन्ही जातात. एक प्रत पेढीबाहेर हवीच. आणि दर महिन्याला ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचं बिल दिसतंय का ते बघायला हवं. न उघडलेला बॅकअप नसल्यासारखाच.

आता वसुली. शेवटी सगळं इथेच अडतं. पूर्ण पैसे काम झाल्यावर, असं कधी ठरवू नये. ४० टक्के आगाऊ, ४० टक्के जुना डेटा भरून पहिलं बिल छापल्यावर, २० टक्के महिनाभर चालल्यावर. आगाऊ द्यायला जो कां-कूं करतो तो पुढेही करणार, असा ग्राहक सोडून दिलेला बरा. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण जिनिंगवाले, दालमिलवाले कर-वजावटीसाठी जीएसटीचं बिल मागतात, तेव्हा कधी ना कधी नोंदणी घ्यावी लागेल. त्या दिवसापासून दरपत्रकावर ‘जीएसटी वेगळा’ हे शब्द असलेच पाहिजेत. नाहीतर ठरलेल्या ३०,००० मधून १८ टक्क्यांच्या हिशेबाने ४,५७६ सरकारला जातात आणि हातात २५,४२४ राहतात. आणि कर बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे आले नाहीत तरी. म्हणून टप्प्याटप्प्याने बिलं करावीत.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, पहिल्या आठवड्यात करून घ्यावी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एक रुपया लागत नाही, एजंटाला देऊ नका. तो नंबर बिलावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. त्याहून जास्त कामाला येते ती आयकरातली तरतूद: मुदत उलटून ३१ मार्चपर्यंतही न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाच्या सीएला नम्रपणे बाकीची यादी पाठवली की बरीच बिलं सुटतात. थकलेल्या पैशांची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते, पण तिथे गेलं की ग्राहक गेलाच समजा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सुरुवात स्वतःच्या एकट्याच्या नावाने करावी, कंपनी काढली की दरवर्षीचा सीएचा खर्च वाढतो. मित्र भागीदार असेल तर भागीदारीपत्र आधी, त्यात वेगळं होताना ग्राहक कोणाचे हे लिहिलेलं हवं. बाहेरच्या कोणाकडून प्रोग्रामचा भाग लिहून घेतला, तर पैसे दिल्याने तो आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी करून घ्यावा लागतो.

एक सावधगिरी आत्ताच घ्यायला हवी. मुलाच्या नेमणूकपत्रात नोकरीत असताना बाहेरचं काम करायला बंदी आहे का, ते त्याने वाचावं. बहुतेक ठिकाणी असते. राजीनाम्याआधी बाजार बघावा, लोकांशी बोलावं. पण कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नये आणि कोणाकडून आगाऊ घेऊ नये.

लग्नाबद्दलची तुमची काळजी खरी आहे. मुलीकडच्यांपासून काही लपवू नका. शेतावर बोजा नाही, घरखर्चाला महिना २०,००० बाजूला आहेत, आणि चोवीस महिन्यांनी ठरवून आढावा घ्यायचाय, हे कागदासकट सांगा. त्या आढाव्याची कसोटी एकच ठेवा: पहिल्या वर्षीच्या ग्राहकांपैकी चारातल्या तिघांनी एएमसी भरली का? भरली नसेल तर सॉफ्टवेअर विकलं गेलं, पण वापरलं गेलं नाही. तेव्हा थांबावं. ग्राहकांना तीन महिने आधी लेखी कळवावं, प्रत्येकाचा डेटा एक्सेलमध्ये काढून द्यावा आणि नोकरी शोधावी. दोन वर्षं हाताने प्रोग्राम लिहिलेल्या माणसाला ती मिळते.

गणपतीत मुलगा घरी येईल तेव्हा आठ दिवसांची रजा जास्त टाकायला सांगा. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंगवाल्यांना बोलायला वेळ नसतो, त्याआधी असतो. चार दिवस जिनिंगवर, चार दिवस केळीच्या पेढीवर मुनीमजींच्या शेजारी बसू द्या. लॅपटॉप घरी ठेवून, वही-पेन घेऊन. आठ दिवसांनी तीन पेढ्या दरपत्रकावर सही करायला तयार झाल्या, तर मला पुन्हा लिहा. मग राजीनाम्याची तारीख ठरवू.