नेपमन: उद्योजक की नफेखोर?

एका वाचकाने विचारलंय की १९२० च्या दशकातल्या एका रशियन कथेच्या अनुवादात 'नेपमन', म्हणजे त्या काळचा खाजगी व्यापारी, आला आहे, तर मराठीत 'उद्योजक' लिहावं की 'नफेखोर'?

माझ्या मते दोन्ही नको. 'उद्योजक' म्हटलं की शाल-श्रीफळ आलं, आणि 'नफेखोर' म्हणजे थेट आरोपपत्र. नेपमनचा धंदा कायदेशीर होता, तरी त्याच्या नावाने नाक मुरडलं जायचं.

शब्द आला 'नोवाया एकोनोमिचेस्काया पोलितिका', म्हणजे नवं आर्थिक धोरण, याच्या आद्याक्षरांवरून. मार्च १९२१ मध्ये बोल्शेविकांच्या, म्हणजे रशियातल्या सत्ताधारी कम्युनिस्टांच्या, दहाव्या पक्षअधिवेशनाने शेतकऱ्यांचं धान्य सक्तीने उचलणं थांबवून धान्यरूपी कर ठरवला. कर भरून उरलेलं विकायची मुभा मिळाली आणि मागोमाग व्यापारी आलाच. 'नेप' या आद्याक्षरांना 'मन', म्हणजे माणूस, हे परकं शेपूट जोडून त्याचं नाव पडलं. चित्रांत तो फरकोटातला ढेरपोट्या दिसतो. प्रत्यक्षात व्यापाराचे परवाने वेगवेगळ्या दर्जांचे होते, टोपलीतून माल विकणाऱ्यापासून मोठ्या दुकानदारापर्यंत, आणि बहुतेक जण टपरीवालेच. तरीही खाजगी व्यापारी म्हणून मतदानाचा हक्क नाही! अशा हक्क काढून घेतलेल्यांना रशियनमध्ये 'लिशेनेत्स' म्हणत. इथे 'वंचित' लिहायचा मोह होईल, पण आपल्याकडे त्या शब्दावर आता दुसराच रंग चढलाय.

'मेशोचनिक'शी मात्र गल्लत नको. 'मेशोक' म्हणजे पोतं. नेपच्या आधी, खाजगी व्यापारावर बंदी असताना, खेड्यातून पिठाची पोती आगगाडीत कोंबून शहरात आणणारा तो मेशोचनिक. त्याला बेलाशक 'पोतेवाला' म्हणा.

'नेपमन' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत खुलासा करा. उच्चार आपोआप 'नेप्मन' होतो, जोडाक्षराची गरज नाही. नेपमनला, नेपमनांनी, सगळं सरळ चालतं.

अडचण येते ती 'नेपमनशा'पाशी. हे स्त्रीलिंगी रूप व्यापारी बाईलाही लागतं आणि व्यापाऱ्याच्या बायकोलाही, आपल्या 'मास्तरीण'सारखंच. तुमच्या कथेतली बाई स्वतः गल्ल्यावर बसत असेल तर मी 'नेपमनीण' लिहीन. नुसतीच नवऱ्याच्या पैशाने नटून नाटकाला जात असेल, तर 'नेपमनची बायको' बरं.