चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत बारावीचा अभ्यास रोज उद्यावर जातो. काय करू?

'रोज सहा तास' हा बेत सोडा आणि कधी, कुठे, नेमकं काय एवढंच आदल्या रात्री कागदावर लिहा: 'सकाळी चहा झाला की मागच्या पडवीत, विद्युतधारेची पाच गणितं.' मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात हेच मांडलंय. वेळ-जागा आधीच ठरली की सुरुवात करताना पुन्हा मनाशी हुज्जत घालावी लागत नाही, आणि घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. वही त्या पानावर उघडीच ठेवा, मोबाईल आईकडे द्या. संध्याकाळी घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या सुरू झाल्या की मात्र पुस्तक धरून बसू नका, धड ना अभ्यास ना आरती! विषयच डोक्यात शिरत नसेल तर ही युक्ती चालणार नाही. आधी सरांना गाठा.