फूट किती, ते आधी सांग

प्रिय पोरी,

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी तीनदा वाचला. पुण्याची नोकरी, बाबांची शुगर, ठरावीक महिने नोकरी न सोडण्याच्या बाँडची अट, एचआरनं दोन दिवस उत्तर दिलं नाही, 'मी तिथं टिकणार नाही', 'गल्लीत काय म्हणतील', असं सगळं एका दमात लिहिलंस आणि शेवटी विचारलंस, 'मी ओव्हरथिंकिंग करतेय का?' याला सरळ हो किंवा नाही म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. या सहा गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

तू कोल्हापूरची आहेस. पावसाळ्यात धार लागली की अख्खं गाव एकमेकांना काय विचारतं? 'किती फूट झालं?' पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं त्या आकड्यावर सामान हलवतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येणार, हेही त्यांना ठाऊक असतं. खरी काळजी अशी असते. तिला आकडा असतो, कारण असतं, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं हे ठरलेलं असतं. नुसतं आभाळाकडे बघून रात्रभर भांडी माळ्यावर चढवायची आणि उतरवायची, तो दुसरा प्रकार. म्हणून मी एकच विचारणार, आणि तू कंटाळलीस तरी विचारणार: फूट किती?

बाबांची शुगर घे. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते. शुगर आटोक्यात असेल तर ती वर्षातून निदान दोनदा करतात, नसेल तर दर तीन महिन्यांनी. तू लिहिलंयस, 'शेवटची करून वर्ष झालं असेल.' मग ही काळजी शंभर टक्के खरी आहे. घरचे 'लई विचार करतीस गं' म्हणाले आणि तू गप्प बसलीस, याचा मला राग आला. विचार जास्त करणाऱ्या पोरींचं खरं नुकसान इथंच होतं: रोजच्या शंभर शंकांमुळे घरात शब्दाला वजन राहत नाही, आणि एकशेएकावी खरी असते. आकडा समोर ठेवलास की कुणी तुला तसं म्हणू शकत नाही.

बाँडचंही तसंच. रक्कम किती, महिने किती, मूळ प्रमाणपत्रं कशाला हवीत, कधी परत देणार, लेखी पावती देणार का? हे पाच प्रश्न मेलवर विचार. उत्तर तोंडी आलं तर ते आलंच नाही असं धर. सहीच्या आधी हे विचारणं म्हणजे घाबरटपणा, असं तुला कुणी शिकवलं?

एचआरचे दोन दिवस: त्यातला एक रविवार. तिसऱ्या कामाच्या दिवशी दोन ओळींचा मेल टाक, तोवर इनबॉक्स उघडायचा नाही.

'टिकणार नाही' हे मात्र अवघड आहे. टिकणं म्हणजे काय, किती दिवसांत कळेल, कशावरून कळेल? लिहून बघ. प्रत्येक उत्तराला लगेच 'पण जर' फुटत असेल, तर तिथं पट्टीच नाही, मोजणार काय? खऱ्या काळजीचं एक काम उरकलं की ती थोडी हलकी होते. नुसता विचार उत्तर मिळाल्यावर दहा मिनिटांत नवा प्रश्न घेऊन येतो. गल्लीचं तर सोडूनच दे.

आता वही. रोज संध्याकाळी साडेसहा ते सात, टेबलाशी बसून. दिवसभरात मनात आलेलं एका शब्दात टिपायचं आणि साडेसहापर्यंत ठेवून द्यायचं. काळजीला असा रोजचा ठरावीक अर्धा तास देण्याची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडली. एका काळजीला एक ओळ: काय होईल, कधी, कशावरून कळेल, उद्या मी काय करणार. शेवटच्या रकान्यात क्रियापद हवं. 'बाबा' असं लिहिणं म्हणजे काही न लिहिणं. 'सोमवारी लॅबला नेणे' असं लिही. रकाना रिकामा राहिला तर ओळीवर काट मार आणि पुढची घे.

हे बिघडतं कुठं, तेही सांगते. वही घेऊन लोक अंथरुणात बसतात, मग अंथरुण हीच काळजीची जागा होते. किंवा एकच प्रश्न पाच मैत्रिणींना विचारतात. धीर दहा मिनिटं टिकतो, मग सहावी लागते. एकीलाच विचार, एकदाच.

ही शिस्त मला स्वतःला फार उशिरा लागली. त्याची खंत आहे, म्हणून आवाज चढतो. चढू दे.

आणि दोन आठवडे बहुतेक रात्री झोप नसेल, जेवण जात नसेल, तर वहीवर भागवू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखव. तिथंही ते हेच विचारतील, किती दिवस, किती तास. उत्तर तयार ठेव.

एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे बाबांची ती सबब चालणार नाही. बाँडच्या कागदाचे फोटो मला आज पाठव. सगळी पानं, मागची बाजूसुद्धा.