उंबरावरचा जक्कय

सोन्या,

तुझी चिठ्ठी फ्रीजवर मिळाली. रात्रपाळीला निघता निघता वाचली आणि खिशात घालून वॉर्डात आणली. आता पहाटेचे साडेतीन झालेत, कोपऱ्यातल्या आजोबांची सलाइन बदलून झाली, बाकी सगळे झोपलेत. मेलबर्नमध्ये मला कुणी काही विचारत नाही अशी ही एकच वेळ.

चिठ्ठी इथं उतरवून ठेवते: "आई, युथ ग्रुपमध्ये कागद दिला होता. तुमच्या घरच्यांनी किती लोकांना येशूकडे आणलं ते लिहा. मी शून्य लिहिलं. आपण मराठी ख्रिस्ती कुणाला काही सांगतच नाही का? लाजतो का? आणि गुऱ्हाळवाले काका आजोबांचे एवढे दोस्त होते, मग ते अजून माळ कशी घालतात? आता मला माझ्या एका मैत्रिणीला सांगायचंय. कसं सांगू?"

मराठीतच लिहिते. अडलीस तर मोठ्यानं वाच, कानाला कळतं. आणि आज्जीशी फोनवर बोलताना मी "मी आलो, मी गेलो" म्हणते त्यावर हसायचं नाही. कोल्हापुरात बायका असंच बोलतात.

आधी काकांचं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढीला ते पंढरपूरला जातात, हे खरं. मागच्या डिसेंबरात त्यांच्या गुऱ्हाळावर तू भाकरीबरोबर वाटीभर काकवी खाल्लीस आणि घाईत जीभ भाजून घेतलीस. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचं पाणी घालून गुळव्या मळी काढत होता, चुलवाणात चिपाडं जळत होती आणि तू विचारलंस, हे आपले कोण? काका म्हणाले, "तुझ्या आज्जाचा अंगठा पकडलेला माणूस हाय मी." सगळे हसले. तुला कुणी समजावून सांगितलं नाही. आता ऐक.

तुझे आजोबा जन्मानं ख्रिस्ती. बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. "बाटला" हा शब्द पणजोबांनी ऐकून घेतला होता, आजोबांच्या वाट्याला तो फारसा आला नाही. रविवारी पांढरा शर्ट, काखेत उपासना संगीताचं पुस्तक, आवाज खणखणीत. सोमवार ते शनिवार ते गुळाच्या बाजारात तोलाईदार होते. मराठीत "मापात पाप" म्हणतात ना, ते कसं करतात हे आजोबांनी मला स्वतः दाखवलंय. तेव्हा गुळाचा रवा 30 किलोचा असायचा. काट्याच्या दांडीला अंगठा जरासा टेकवला की पाव-अर्धा किलो गायब. दिवसाला कितीतरी रवे. नुकसान शेतकऱ्याचं, फायदा घेणाऱ्याचा, आणि संध्याकाळी त्यातलं थोडं आजोबांच्या खिशात. बाप्तिस्म्याचं पाणी अंगठ्यापर्यंत पोचलं नव्हतं, असं आज्जी म्हणते. त्यांच्यासमोरही म्हणायची.

1979 च्या हंगामात पन्हाळ्याकडचा एक शेतकरी सात-आठ वर्षांच्या पोराला घेऊन बाजारात आला. वजन चाललेलं असताना पोरगं मोठ्यानं म्हणालं, "बाबा, ह्येंचा अंगठा लागलाय काट्याला." बापानं त्याच्या पाठीत धपाटा घातला, "गप. मोठी माणसं हैत ती." झालं एवढंच. पट्टी झाली, पैसे घेऊन दोघं निघून गेले. आजोबा सांगायचे, पोरानं पकडलं त्याचं काही वाटलं नाही. पण बापालाही दिसलं होतं, तरी त्यानं मारलं पोरालाच. ते मात्र घशात अडकलं.

लगेच काही बदल झाला नाही हं. मंडळीत लोक साक्ष देताना, म्हणजे आपण देवाकडे कसे वळलो ते सांगताना, त्या एका क्षणी सगळं पालटलं असं सांगतात. आजोबांच्या बाबतीत त्या क्षणानंतर दोन-तीन महिने दारू वाढली, इतकंच.

मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत एका रविवारी चर्चच्या पाळकांनी बायबलातल्या लूकच्या 19 व्या अध्यायातला जक्कय घेतला. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि ठेंगणा. येशूला बघायला झाडावर चढतो. तू ही गोष्ट इंग्रजीत वाचलीस तेव्हा ते कुठलंसं परकं झाड होतं. मराठी बायबलात जक्कय उंबरावर चढतो. आणि कोल्हापूरकडच्या माणसाला उंबर म्हटला की नरसोबाची वाडी आठवते, दत्ताचा औदुंबर आठवतो. झाड ओळखीचं निघालं की वर बसलेला माणूसही ओळखीचा वाटायला लागतो. आजोबा म्हणायचे, ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती, पण येशू त्याला चोर म्हणत नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. उपदेश नाही, दम नाही. नुसतं, खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचंय. "आता पाहुणा दारात आला म्हटल्यावर घर झाडाय नको?"

जक्कय म्हणतो, कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करीन. आजोबांनी हे शब्दशः घेतलं. हिशेब कुठे लिहिलेला नव्हता, पण चार शेतकरी पक्के आठवत होते. सायकल विकली. आज्जीच्या पाटल्या विकल्या. काट्याला अंगठा लावायचं बंद केल्यावर काम महिनाभर टिकलं, मग गेलं. आज्जी शिवणकामावर घर चालवत होती. "चौपट त्यांचं, उपास माझा," असं ती अजून म्हणते, आणि मला वाटतं हेसुद्धा त्या साक्षीतच धरायला हवं. नवऱ्याचा पश्चात्ताप बायकोच्या हातातल्या सोन्यावर व्हायचा असेल तर तिला आधी विचारायला हवं होतं. आजोबांनी विचारलं नाही. पुढं माफी मागितली. पाटल्या आल्या नाहीत.

340 रुपये रुमालात बांधून ते एस.टी.नं त्या शेतकऱ्याच्या गावी गेले. त्याला वाटलं हा काहीतरी डाव आहे. "कुणी धाडलंय तुमास्नी?" आजोबा म्हणाले, कुणी नाही. "मग आत्ताच का?" आजोबा गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी उंबरावरच्या माणसाची गोष्ट सांगितली. त्या दिवसापर्यंत चर्चबाहेर त्यांनी कुणासमोर येशूचं नाव घेतलं नव्हतं. शेतकऱ्यानं सगळं ऐकलं, बोटांवर काहीतरी मोजलं, 340 मधले 85 घेतले आणि बाकीचे परत रुमालात बांधून दिले. "माझं तेवढंच." मग डबाभर काकवी दिली. धपाटा खाल्लेलं ते पोरगं म्हणजे आपले काका. तेव्हापासून दर हंगामाला एक रवा आपल्या घरी येतो. त्याचं वजन कुणी करत नाही.

त्या शेतकऱ्यानं माळ काढली नाही. आजोबांनीही काढा म्हटलं नाही. दोघं गुऱ्हाळावर बसून तुकारामाचे अभंग म्हणायचे आणि मध्येच आजोबा ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती भजन लावायचे, चाल ओळखीची असली की तोही साथ द्यायचा. हे सगळं तुझ्या कागदावर कुठल्या रकान्यात बसतं मला माहीत नाही. शून्य लिहिलंस ते चूक आहे असं मी म्हणत नाही. तो कागद वेगळंच काही मोजत होता.

आता "लाजतो का" याचं. आपल्याकडे बोलणारे कमी झाले नाहीत. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या नावाचं चर्च तू पाहिलंयस. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेत, 1886 पासून, कॉलेजच्या पोरांना परदेशी मिशनला जायला तयार करणाऱ्या चळवळीचा एक म्होरक्या झाला. म्हणजे तुमच्या गटात जो उत्साह आहे त्यातला थोडा आपल्या गावच्या पाण्यावर वाढलाय, हे तुझ्या लीडरना सांग, त्यांना गंमत वाटेल.

टिळकांचं उदाहरण मला जास्त जवळचं. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. घरदार हादरलं, नवरा-बायकोची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये, स्वतःच्या डोक्यानं विचार करून, जुन्या समजुती एकेक करून सोडत. एवढा मोठा कवी, कीर्तनं करणारा, शब्द हातात असलेला माणूस, आणि त्यालाही घरातल्या माणसासाठी पाच वर्षं थांबावं लागलं. तुमच्या युथ ग्रुपनं तुम्हाला किती आठवडे दिलेत?

पण खरं सांगायचं तर आपल्या गप्प बसण्यात भीडही आहे आणि भीतीही. घटनेच्या 25 व्या कलमानं धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. तरी ख्रिस्ती माणूस देवाबद्दल बोलायला लागला की समोरच्याच्या डोळ्यांत पहिला प्रश्न येतो, ह्याला काय हवंय? त्यामुळे आपली माणसं तोंड मिटून घेतात आणि मग त्यालाच नम्रता म्हणतात. हे मला पटत नाही.

उलट टोकाचा गाढवपणा मी स्वतः केलाय. आठवीत असताना सुट्टीतल्या बायबल शाळेतून आले आणि शेजारच्या मैत्रिणीला जिन्यात गाठून सांगितलं, तू नरकात जाणार, आत्ताच प्रार्थना कर. ती रडत घरी गेली. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही.

ताट न येणं म्हणजे काय ते तुला इथं कळणार नाही. आज्जी नाताळात करंज्या, चकल्या, शेव, लाडू करते आणि गल्लीतल्या चौदा घरी ताटं जातात. दिवाळीला त्या चौदा घरांतून आपल्याकडे येतात. आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायचं. तू विचारलं होतंस, आज्जी धुतलेल्या ताटात साखर का घालते; ते हे. आणि त्याच शेजारच्या काकू आज्जीचा वाटा देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी बाजूला काढून ठेवतात. आज्जीनं तसं कधी मागितलेलं नाही. एकदा काकूंनी विचारलं होतं, तुम्ही प्रसाद घेता पण खात नाही, का हो? देवाला दाखवलेल्या अन्नाबद्दल बायबलात पौलाच्या पत्रात काय आहे ते आज्जीनं दोन वाक्यांत सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि दुसऱ्या वर्षीपासून वाटी वेगळी आली. चाळीस वर्षांच्या शेजारात धर्मावरचं एवढंच बोलणं मला ठाऊक आहे.

तर त्या दिवाळीत आज्जीनं मला हाताला धरून काकूंच्या दारात उभं केलं. मी माफी मागितली. परत येताना आजोबा जिन्यात बसले होते. रागावले नाहीत. म्हणाले, एका अपघाताच्या खटल्यात मी कोर्टात साक्ष द्यायला गेलो होतो. ट्रकवाल्याची चूक कशी, हे मी जोरात पटवून द्यायला लागलो तर जज म्हणाले, तुम्ही वकील नाही, तुम्ही साक्षीदार आहात, बघितलं तेवढं सांगा. "आपल्या मंडळीत बी साक्षच म्हणत्यात की त्याला. तू नरक बघून आलीयास काय?"

म्हणून तुझ्या मैत्रिणीला काय सांगू या प्रश्नाला माझ्याकडे तयार भाषण नाही. तू काय पाहिलंयस? गेल्या वर्षी तू खोटं बोलून माझ्या पर्समधले पैसे घेतले होतेस आणि तीन दिवसांनी स्वतःहून येऊन सांगितलंस, प्रार्थना करताना पुढचे शब्दच येत नव्हते म्हणून. ते तू पाहिलंयस. तिला कधी सांगावंसं वाटलं तर तेवढं सांगण्यासारखं आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय काढ, 15 वं वचन. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यपणे द्या, असं आहे. विचारणाऱ्याला. तिनं अजून काही विचारलंय का?

आणि ऐक, ती तिच्या घरची गोष्ट सांगायला लागली तर पुरती ऐक. तिची आजी देव्हाऱ्यासमोर उदबत्त्या लावते म्हणालीस ना, कुणासाठी लावते ते विचार. उत्तर ऐकून घाबरू नकोस, त्यावर लगेच आपलं काही चिकटवूही नकोस.

पाच वाजत आले, मला औषधांची ट्रॉली काढायचीय. एक राहिलं. तिच्या आईनं दिलेला डंपलिंगचा डबा तीन आठवडे आपल्या ओट्यावर पडून आहे. धुऊन ठेवलाय. काकांनी दिलेला गूळ वरच्या फळीवर आहे, त्यातला एक खडा फडक्यात गुंडाळून त्यात घाल आणि सोमवारी दे तिला.

तुझी,
आई