एवढ्या पसाऱ्यात स्पेअर पार्ट सापडतो कसा?

तुम्ही विचारलं की गावातल्या मोटरसायकल स्पेअर पार्टच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तरी दुकानदार न बघता पार्ट कसा काय काढतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमचं असंच दुकान आहे, बाबांनी टाकलेलं, आता मी बसतो, म्हणून सांगतो.

दहा बाय अठराची खोली, वर टिनं. टायर छताखाली पाइपवर टांगलेले, सायलेन्सर कोपऱ्यात उभे, अन् काउंटरमागं खिळ्यांवर क्लच वायर, ब्रेक वायरचे जुडगे, एका खिळ्यावर एकाच गाडीचे. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइनचा माल उजव्या हाताला कारण दिवसभर तोच लागतो. हेडलाइटचे बल्ब आधी वरच्या कप्प्यात असायचे, पण 2017 पासून नवीन गाड्यांचा लाइट दिवसाही चालूच राहतो तं ते गल्ल्याजवळ आणले. उलट कार्बोरेटरचं (इंजिनाला पेट्रोल अन् हवा मिसळून देतो तो भाग) सामान मागं मागं चाललंय, 2020 नंतरच्या बहुतेक बीएस 6, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्यांत त्याच्या जागी इंजेक्टर आला ना. एकदम वर राजदूत अन् लुनाचे डबे आहेत. वर्षातून एखादेच आजोबा येतात त्यासाठी, पण बाबा ते काढू देत नाहीत अन् मलाही ते पटतं, दुसरीकडं कुठं मिळणार त्यांना?

बेअरिंगचं तर सोपं आहे, रिंगवर नंबर कोरलेला असतो. 6301, 6202 असे. शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचं माप, 00 म्हणजे 10 मिमी, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, अन् 04 पासून पुढं सरळ पाचनं गुणायचं. चेनमध्ये मात्र लोक फसतात, 420 अन् 428 नंबरच्या चेनच्या कड्यांतलं अंतर सारखंच पण रुंदी वेगळी, हातात घेतली तर एकसारखीच वाटते.

पण नुसत्या हाताच्या सवयीवर जाऊ नये हे मी एका पेरणीत शिकलो. मृग लागला होता, दुकानात गर्दी, सोळा किलोमीटरवरून एक काका आले, "स्प्लेंडरची क्लच वायर दे बरं भाऊ" म्हणे. मी मागं न बघता खिळ्यावरून ओढून दिली. गाडी होती सुपर स्प्लेंडर, अन् गावात दोन्हीला स्प्लेंडरच म्हणतात. वायर बसलीच नाही, दुसऱ्या दिवशी परत आले, चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "माहा वापसा गेला ना भाऊ." वापसा म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल. मी वायर बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, पण पेरणीचा दिवस कुठून परत देणार, ते अजून टोचतं.

म्हणून तुम्ही कुठल्याही दुकानात जा, गाडीचं पूर्ण नाव अन् साल सांगा, अन् जुना पार्ट काढून सोबत न्या. पावसाळ्यात काळ्या मातीनं भरलेला ब्रेक शू तसाच कागदात गुंडाळून आणला तरी चालतो, काउंटर आम्ही पुसून घेतो.